आठ जणांचं सेव्हिल

शुक्रवारी संध्याकाळी एखाद्या परक्या शहरात उतरायचं, शनिवार-रविवार मनसोक्त खायचं, बघायचं आणि सोमवारच्या कामाला परत हजर व्हायचं, तेही सात-आठ जणांनी मिळून. लंडन, म्युनिक, ॲमस्टरडॅमला राहणाऱ्या मराठी मंडळींमध्ये हा बेत आता सर्रास ठरतो. भारतातून पंधरा दिवसांच्या स्पेन सहलीला जाणारे गटही मधले दोन-अडीच दिवस एकाच शहरासाठी राखून ठेवू लागले आहेत. अशा बेताला युरोपातलं सर्वांत योग्य शहर कोणतं, असं विचारलं तर मी सेव्हिलचं नाव घेईन. स्पेनच्या दक्षिणेकडच्या आंदालुसिया प्रांताची ही राजधानी. तिथले लोक तिला सेविया म्हणतात.

यामागे मुख्य कारण आहे ते आकाराचं. बघण्यासारखं जवळजवळ सगळं एकमेकांपासून अर्ध्या तासाच्या पायी अंतरावर आहे आणि रस्ते सपाट आहेत. त्यामुळे सत्तरीतले आईवडील आणि दहा वर्षांची मुलं एकाच गटात असली तरी कुणाची फरफट होत नाही. दुसरं कारण खाण्याचं. इथलं जेवण लहान लहान बशांमध्ये, वाटून घेऊन खाण्याचं आहे. चौघांपेक्षा आठ जणांना ते जास्त मानवतं, कारण आठ जण तेवढ्या जास्त बशा मागवू शकतात.

निघण्यापूर्वी

आधी ऋतू ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये सेव्हिलचा पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी शहर अक्षरशः बंद असतं. मार्च ते मेचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हा उत्तम काळ. मार्चच्या सुमारास रस्त्यांवरच्या हजारो संत्र्यांच्या झाडांना फुलं येतात आणि गल्ल्या सुगंधाने भरून जातात. ही संत्री मात्र कडू असतात. ती तोडून खायची नसतात, इंग्लंडचा प्रसिद्ध मार्मालेड त्यांचाच बनतो. वसंतातले दोन आठवडे मात्र सांभाळा. ईस्टरच्या आधीचा ‘सेमाना सांता’ हा मिरवणुकांचा आठवडा आणि त्यानंतर साधारण पंधरवड्याने येणारी एप्रिलची जत्रा. दोन्ही सोहळे पाहण्यासारखेच आहेत, पण तेव्हा हॉटेलांचे दर गगनाला भिडतात आणि जुन्या शहरात आठ जणांना एकत्र चालणंही अवघड होतं. पहिल्या भेटीसाठी ते दिवस टाळावेत.

मग व्हिसा. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. जर्मनी-नेदरलँड्ससारख्या शेंगेन देशाचा निवास परवाना असलेल्यांना तो लागत नाही. गट मिश्र असेल तर हा फरक पहिल्याच बैठकीत स्पष्ट व्हायला हवा. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि प्रवासाच्या किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो. आठांपैकी एकाचाही व्हिसा अडकला तर बेत लंगडा पडतो, म्हणून ज्यांना व्हिसा हवा त्यांच्या सोयीने तारीख ठरवावी.

सेव्हिलला स्वतःचा विमानतळ आहे. माद्रिदला उतरणाऱ्यांना आवे ही वेगवान रेल्वे अडीच-पावणेतीन तासांत पोचवते. स्पेनमधला हा पहिला अतिवेगवान रेल्वेमार्ग १९९२ मध्ये, सेव्हिलच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सुरू झाला. राहायला जुन्या शहरातली किंवा नदीपलीकडच्या त्रियाना भागातली जागा घ्यावी. दुपारी खोलीवर परतून पाठ टेकता येणं या शहरात अत्यावश्यक आहे, आणि दूरचं स्वस्त हॉटेल नेमकी तीच सोय हिरावून घेतं.

शहराचं घड्याळ

सेव्हिलमध्ये दुपारचं जेवण दोन ते चारच्या दरम्यान असतं आणि रात्रीचं नऊनंतर. संध्याकाळी सातला पोटभर जेवण मागायला गेलात तर बहुतेक ठिकाणी स्वयंपाकघर बंद असेल, किंवा फक्त पर्यटकांसाठी चालणाऱ्या ठिकाणी जाऊन पडाल. म्हणून सकाळी टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल, सोबत कॉफी, अकरा-बाराला काहीतरी छोटं, दोनला जेवण, मग विश्रांती, आणि साडेआठ-नऊनंतर पुन्हा बाहेर, असाच दिवस आखावा. मधुमेह असलेल्यांनी आणि लहान मुलांनी पिशवीत सुकामेवा, बिस्किटं ठेवावीत.

आठ जणांसाठी आगाऊ पक्क्या करायच्या गोष्टी फक्त चार. आल्कासर राजवाड्याची वेळ ठरलेली तिकिटं, कॅथेड्रलची तिकिटं, फ्लामेंको या गाण्या-नाचाचा एक कार्यक्रम आणि एका रात्रीचं बसून जेवायचं टेबल. बाकी सगळं मोकळं सोडावं. मोठ्या गटाला अनेक रेस्टॉरंटं ठरावीक मेन्यू घ्यायला सांगतात. आरक्षण करतानाच तो पाहून घ्यावा आणि शाकाहारी किती हे कळवावं.

शुक्रवारची संध्याकाळ

सामान टाकून सांता क्रूस या जुन्या वस्तीत शिरावं. मध्ययुगात इथे ज्यूंची वस्ती होती. गल्ल्या इतक्या अरुंद की उन्हाळ्यातही सावली टिकते. तिथून चालत ग्वादलकिवीर नदीच्या काठी यावं, म्हणजे शहराच्या वैभवाचं मूळ समोर दिसतं. समुद्र इथून बराच दूर आहे, तरी जहाजं नदीतून थेट शहरापर्यंत येत. १५०३ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने अमेरिकेशी होणारा सगळा व्यापार सेव्हिलमधल्या एका कचेरीच्या ताब्यात दिला, आणि पुढची दोनशे वर्षं नव्या जगाचं सोनं-चांदी याच धक्क्यावर उतरलं. १० ऑगस्ट १५१९ रोजी मॅगेलनची पाच जहाजं इथूनच निघाली. तीन वर्षांनी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज परतलं, त्यावर अठरा माणसं होती आणि जहाजाच्या पोटात लवंगा भरलेल्या होत्या.

आपल्या स्वयंपाकघराचाही या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. मिरची, टोमॅटो, बटाटा, मका, भुईमूग ही सगळी अमेरिका खंडातली पिकं. स्पेनकडे ती याच मार्गाने आली, आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून गोव्याच्या किनाऱ्याला लागली. सेव्हिलच्या बारमध्ये समोर आलेल्या बटाट्यावर लाल सॉस पाहताना हे आठवलं की घास वेगळा लागतो.

पहिल्या रात्री टेबलाचा हट्ट धरू नये. इथले जुने तापास बार अरुंद असतात आणि लोक उभ्यानेच खातात. चार-चारच्या दोन तुकड्या करून शेजारशेजारच्या दोन ठिकाणी जावं आणि तासाभराने जागा बदलाव्यात. एल रिनकोनसियो हा बार १६७० पासून चालू आहे, तिथे तुमचा हिशेब अजूनही लाकडी फळीवर खडूने लिहिला जातो. त्यांची पालक-छोले ही बशी चुकवू नये. जिरं, लसूण, लाल मिरचीपूड आणि तळलेल्या पावाचं वाटण घातलेला हा पदार्थ अरबी काळाच्या वळणाचा आहे. मराठी जिभेला तो पहिल्याच घासात ओळखीचा वाटतो.

मागवताना आकार सांगावा लागतो. ‘तापा’ म्हणजे लहान बशी, ‘मेदिया रासियोन’ म्हणजे अर्धा आणि ‘रासियोन’ म्हणजे पूर्ण वाढप. आठ जणांना प्रत्येक पदार्थाचा अर्धा वाढप सोयीचा. ग्रानादा शहरात पेयासोबत तापा फुकट मिळतो तसा इथे मिळत नाही. टेबलावर न मागता आलेल्या पावाचेही पैसे बिलात लागू शकतात.

शनिवार

सकाळी साडेनऊला आल्कासरच्या दारात हजर राहावं. तिकिटं नावावर असतात, म्हणून प्रत्येकाने ओळखपत्र जवळ ठेवावं. ७१२ मध्ये सेव्हिल मुस्लिम सत्तेखाली गेलं आणि १२४८ मध्ये कास्तियाचा राजा तिसरा फेर्नांदो याने ते जिंकलं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षांनी पेद्रो या ख्रिस्ती राजाने १३६४ मध्ये इथे स्वतःसाठी महाल बांधायला घेतला, तो मुस्लिम कारागिरांच्या हातून, त्यांच्याच शैलीत. भिंतींवर अरबी लिपीतले लेख आहेत, खाली रंगीत फरशांची नक्षी आहे आणि राजदूतांच्या दालनावर सोनेरी लाकडी घुमट आहे. जिंकलेल्यांची कला जेत्याने आपलीशी केल्याचा इतका सुंदर पुरावा क्वचितच सापडतो. स्पेनचं राजघराणं आजही सेव्हिलला आलं की वरच्या मजल्यावर उतरतं. बागांसह तीन तास सहज जातात. ते जाऊ द्यावेत, त्याच सकाळी दुसरं तिकीट घेऊ नये.

शेजारीच अमेरिकेच्या कारभाराचा दप्तरखाना असलेलं ‘इंडीज अभिलेखागार’ आहे. तिसऱ्या कार्लोस राजाने १७८५ मध्ये ते स्थापन केलं. प्रवेश विनामूल्य आहे आणि इतिहासाची आवड असलेल्यांनी अर्धा तास तिथे द्यावा. आल्कासर, कॅथेड्रल आणि हे अभिलेखागार १९८७ पासून मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत.

मग पूल ओलांडून त्रियानाला जावं. इथली मंडई रविवारी बहुतांशी बंद असते, म्हणून ती शनिवारीच करावी आणि तीही जेवणाच्या वेळेआधी. मंडईखाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत, तिथे स्पेनच्या धर्मन्यायसभेचं ठाणं होतं. वर ऑलिव्ह, चीज, ताजे मासे आणि वाटेत उभ्याने खायचे गाळे. मासे खाणाऱ्यांनी इथला तळलेला मासा जरूर घ्यावा. कोकणातल्या माणसाला रवा न लावता नुसत्या पिठात घोळवून ऑलिव्ह तेलात तळलेल्या त्या माशाचा हलकेपणा नक्की आवडेल.

दुपारी साडेतीन ते सहा खोलीवर. संध्याकाळी फ्लामेंको. त्रियाना ही या कलेच्या जन्मभूमींपैकी एक मानली जाते. स्पेनचे जिप्सी, म्हणजे रोमा लोक, हे तिचे मोठे वारसदार. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी उत्तर भारतातून निघाले, हे भाषाशास्त्र आणि जनुकशास्त्र दोन्हींनी दाखवून दिलं आहे. कार्यक्रम निवडताना जेवणासह असलेला मोठा खेळ टाळावा. लहान खोलीतला, ध्वनिवर्धकाशिवाय होणारा, तासाभराचा कार्यक्रम घ्यावा. तिथे गाणाऱ्याचा श्वास आणि नाचणाऱ्याची टाच, दोन्ही ऐकू येतात. त्यानंतर साडेनऊला ते आधी ठरवलेलं टेबल.

रविवार

सकाळ प्लासा दे एस्पान्यासाठी. १९२९ च्या इबेरो-अमेरिकन प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या वास्तुविशारदाने हा अर्धवर्तुळाकार चौक उभारला. कडेने स्पेनच्या प्रांतांची एकेक चित्रमय फरशांची बैठक आहे, मध्ये कालवा, त्यात वल्हवायच्या होड्या. तिकीट लागत नाही आणि लगतच्या मारिया लुईसा उद्यानात मुलं हवी तेवढी धावू शकतात. ऊन चढायच्या आत इथून निघावं.

रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये उपासना असते, पर्यटकांना प्रवेश दुपारी मिळतो. म्हणून एकलाच थोडं खाऊन घ्यावं आणि दुपारी कॅथेड्रल करावं. हे जगातलं सर्वांत मोठं गॉथिक कॅथेड्रल. १४०१ मध्ये जुन्या मशिदीच्या जागी ते बांधायचं ठरलं आणि पुरं व्हायला शंभराहून अधिक वर्षं लागली. मशिदीचा मिनार तेवढा राखला, तोच आजचा हिराल्दा मनोरा. वर जायला शेवटचा छोटा टप्पा सोडला तर पायऱ्या नाहीत, पस्तीस उतार आहेत, बांग देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून केलेले. त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनाही सावकाश चढता येतं. खाली कोलंबसची शवपेटी चार राजपुरुषांच्या खांद्यांवर आहे. कास्तिया, लेओन, आरागॉन आणि नव्हारा या चार राज्यांचे ते प्रतिनिधी. १८९८ मध्ये क्यूबा हातचं गेल्यावर हे अवशेष हवानाहून इथे आणले गेले.

परतीच्या शिदोरीसाठी इनेस रोसालेस या नावाच्या पातळ, खुसखुशीत ‘तोर्तास दे आसेइते’ घ्याव्यात. ऑलिव्ह तेलातल्या, बडीशेपेच्या वासाच्या या पुऱ्या सेव्हिललगतच्या कास्तियेहा दे ला क्वेस्ता या गावच्या आहेत आणि त्या प्रवासात चांगल्या टिकतात.

शाकाहारींसाठी, आणि पैशांविषयी

स्पेनमध्ये मांस म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यांपुढे ट्यूना किंवा हामोन, म्हणजे डुकराच्या मुरवलेल्या मांसाचे तुकडे येत नाहीत. भाजीच्या बशीवरही हामोन भुरभुरलेलं असतं. म्हणून ‘सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन’ हे शब्द पाठ करावेत. मांस, मासा, हामोन यांपैकी काहीच नको, असं त्यातून कळतं. निर्धास्त मागवावं असं पुष्कळ आहे. गार टोमॅटोचं गास्पाचो, उसाच्या काकवीसोबत तळलेली वांगी, पालक-छोले, तिखट सॉसचे बटाटे, ऑलिव्ह. अंडं चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया आहेच. साल्मोरेहो हे दाट गार सूप मात्र वरचं अंडं-हामोन काढायला सांगूनच घ्यावं.

पैशांसाठी सर्वांनी पहिल्याच दिवशी सारखी वर्गणी काढावी आणि एकाकडे सोपवावी. दारू पिणारे आणि न पिणारे यांचा हिशेब वेगळा ठेवावा, मैत्री त्यानेच टिकते. प्रत्येक बारमध्ये आठ कार्डं काढणं दुकानदारालाही त्रासाचं होतं. टिप ऐच्छिक आहे, सेवा आवडली तर वरची नाणी ठेवावीत.

या आराखड्यात ललित कला संग्रहालयातली मुरियोची चित्रं नाहीत, २०११ मध्ये उभी राहिलेली ‘सेतास’ ही अजस्र लाकडी छत्री नाही, शहराबाहेरचं इतालिका हे रोमन नगरही नाही. ती मुद्दाम वगळली आहेत. ज्याला हवं त्याने शनिवारच्या दुपारी झोपेऐवजी त्यातलं एक करावं, बाकीच्यांना ओढू नये. गटाचा बेत आखणाऱ्याला माझं एवढंच सांगणं आहे: चार गोष्टी पक्क्या करा, दुपारची विश्रांती कुणालाही मोडू देऊ नका, आणि यादीत काही उरलं तर ते पुढच्या वेळेसाठी ठेवा.