ट्रकवरून येणारं घर

भंडाऱ्याहून साकोलीकडे जाताना महामार्गालगत फॅब्रिकेशनची एक मोठी शेड आहे. समोर तयार घर उभं असतं: वीस फूट लांब, दहा फूट रुंद, दोन खिडक्या, एक दार, आत कोपऱ्यात संडास-बाथरूम. मागच्या बाजूला दुसऱ्याचा सांगाडा चालू असतो. खाली लोखंडी चॅनलची चौकट, तिच्यावर चौरस पाइपांचे खांब, सगळ्याला रेड ऑक्साइडचा तांबडा हात. जमिनीसाठी सिमेंट-फायबरचे जाड बोर्ड, बाहेरून रंगीत नालीदार पत्रा, आतून पीव्हीसीची पट्टी आणि दोघांच्या मध्ये काचलोकर. काचलोकर भरणारा मुलगा फुल बाह्यांचा शर्ट आणि तोंडाला रुमाल बांधून काम करतो. तिचे तंतू अंगाला लागले की रात्रभर खाज थांबत नाही. माल बराचसा नागपूर आणि रायपूरकडून येतो. माणसं इथलीच, मोहाडी-लाखनीकडची.

अशी घरं आजवर मुख्यतः रस्त्याच्या ठेकेदारांनी, राईस मिलच्या वजनकाट्यांनी आणि पेट्रोल पंपांनी घेतली, ती ऑफिस म्हणून किंवा चौकीदारासाठी. आता शेतकरी येतात, नागपूरला नोकरी करून गावाकडे जमीन राखलेले येतात, गोसेखुर्द धरणाच्या पाण्याजवळ तुकडा घेतलेले येतात. त्यांना राहायचं असतं. हा धंदा खरा अवघड होतो तो इथे, म्हणून मी या शेडमध्ये बसून विक्री कशी होते ते पाहत राहिलो.

गिऱ्हाईक आधी भाव विचारतं. मालक उलट विचारतो, "रस्ता कसा आहे?" या प्रश्नात अर्धा व्यवहार असतो. मोटार वाहन नियमांप्रमाणे मालवाहू गाडीची रुंदी 2.6 मीटरच्या, म्हणजे साधारण साडेआठ फुटांच्या पुढे जाऊ नये. दहा फुटी घर ट्रेलरच्या दोन्ही अंगांनी बाहेर येतं. म्हणून गावातली गल्ली अरुंद असेल तर तो आठ फुटी घर सुचवतो, किंवा सुट्टे भाग नेऊन जागेवर जोडायला सांगतो. पुढचा प्रश्न विजेच्या तारांचा. तिसरा बांध्यांचा. धानाच्या बांधीत पाणी मुरलेलं असतं, वरून कोरडी दिसली तरी हायड्रा क्रेनचं चाक धुऱ्याजवळ रुततं. रोवणी झाल्यावर तर शेतात घर उतरवण्याचा विषयच संपतो. त्यामुळे इथला हंगाम धान निघाल्यावर सुरू होतो आणि मृगाआधी आटोपतो. उन्हाळी धान घेणाऱ्याच्या शेतात तोही मिळत नाही.

मी पाहिलेली सगळ्यात चांगली विक्री ती, जी झालीच नाही. लाखनीकडचे एक निवृत्त गृहस्थ पत्नीसह सकाळी आले होते. घर त्यांना आवडलं. आत गार होतं, नव्या रंगाचा वास होता, खिडकीतून शेत दिसत होतं. ते ॲडव्हान्स द्यायला तयार होते. मालक म्हणाला, "काका, जेवून या. दुपारी दोनला परत बसू." एप्रिल होता. दोन वाजता त्याने त्यांना पंखा न लावता, खिडक्या बंद करून आत बसवलं. पाच मिनिटांत काकू बाहेर आल्या. विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि पातळ पत्र्याच्या पेटीत ऊन साठतं. पन्नास मिलिमीटर पफ पॅनल, वर दुसरं छप्पर, मध्ये हवेला वाट, पश्चिमेला पडवी असं केलं तर त्रास पुष्कळ कमी होतो, पण खर्च चढतो. मालकाने तो हिशेब मांडला आणि सांगितलं, "बारा महिने दोघांनी राहायचं असेल तर विटांचंच बांधा. शेतावर यायला-जायला पाहिजे असेल तर माझ्याकडे या." ते दोघे गेले. तो माणूस त्या दिवशी काही विकू शकला नाही, आणि मला या धंद्याबद्दल पहिल्यांदा विश्वास वाटला.

दुसरा प्रश्न गिऱ्हाइकांच्या तोंडून वारंवार येतो: "भाऊ, याले नमुना आठ भेटते का जी?" नमुना आठ म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. तिच्यात घर चढलं की गावाच्या लेखी ते घर. गृहकर्ज देताना बँक जमीन आणि तिच्यावरचं मंजूर बांधकाम तारण बघते. उचलून नेता येणारी पेटी तिच्या हिशेबात बसत नाही. करातही हे घर म्हणजे मालच. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर 1 किंवा 5 टक्के, आणि कारखान्यात तयार झालेल्या या घरावर 18 टक्के. अमेरिकेत अशा घरांसाठी 15 जून 1976 पासून देशभर एकच बांधकाम-संहिता लागू आहे, तरी तिथेही जमिनीशी कायम न जोडलेल्या घराची मालकी अनेकदा गाडीसारखी वेगळी नोंदवली जाते. आपल्याकडे खेड्यात येणाऱ्या या घरांना स्वतःची अशी ठाम चौकटच नाही. ती व्हायला हवी, कारण विकणारे वाढत आहेत आणि सगळेच दुपारी दोनला बोलावणारे नाहीत.

कारखान्यात घर करण्याची कल्पना देशाला नवी नाही. फाळणीनंतर निर्वासितांची सोय करायला 1948 मध्ये दिल्लीत सरकारनेच घरांचा कारखाना काढला होता; पुढे त्याचीच हिंदुस्थान प्रीफॅब झाली. पण भंडाऱ्याच्या गरिबाचं घर वेगळ्या रीतीने होतं. प्रधानमंत्री आवास योजना-ग्रामीणमध्ये मैदानी भागासाठी केंद्र-राज्याचं मूळ अनुदान 1 लाख 20 हजार, घर किमान 25 चौरस मीटरचं, आणि पैसे बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे, जागेवर काढलेल्या फोटोनिशी. जोतं झालं की हप्ता, भिंती चढल्या की हप्ता. त्यात घरची माणसं राबतात, रोजगार हमीची मजुरी मिळते, एखादी खोली चार वर्षांनी वाढते. ट्रकवरून येणारं घर पूर्ण पैसे एकदम मागतं आणि त्यात घरच्यांच्या मजुरीला जागा नसते. म्हणून ते गरिबाच्या घराला पर्याय आहे असं कोणी सांगत असेल तर ते मला मान्य नाही. शेतावरची राखण, आगीत किंवा पुरात घर गेल्यावर तात्पुरता निवारा, बांधकाम होईपर्यंतची सोय, एवढ्यासाठी मात्र त्याच्याइतकं लवकर उभं राहणारं दुसरं काही नाही.

घेणाऱ्यांनी काही गोष्टी धरून बसाव्यात. भर उन्हात, पंखा बंद करून आत बसा. पत्र्याची आणि पॅनलची जाडी बिलावर लिहून घ्या. पायाला अँकर बोल्ट कोण मारणार ते आधी ठरवा. मे महिन्यातल्या वावटळीला रिकामं घर हलकं असतं. वाहतूक आणि क्रेन दरात धरलेली आहे की वेगळी, ते विचारा. तलाठी आणि ग्रामसेवकाला भेटूनच ॲडव्हान्स द्या. आणि जो विक्रेता तुमच्या शेताचा रस्ता न विचारता भाव सांगतो, त्याच्याकडून घर घेऊ नका.