एका मिनिटात शंभर कोटी, नळाला दिवसाआड पाणी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण म्हटलं की लोक गाड्यांचं बोलतात. एमएच-14 या पाटीचा रुबाब आहेच. पण या पट्ट्यातल्या खऱ्या सुरस गोष्टी शोरूममध्ये नाहीत, त्या नदीत, कचरा डेपोत आणि चौकात सापडतात.

पैसा आला, पाणी उद्या
जून 2025 मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने 200 कोटींचे हरित रोखे बाजारात आणले. राज्यातल्या महापालिकांत हा मान पहिला. पहिल्या 100 कोटींची बोली मिनिटभरात भरली आणि मग मागणी त्याच्या पाचपटीवर गेली. हा पैसा निगडी प्राधिकरणातल्या ‘हरित सेतू’सारख्या कामांसाठी आहे, म्हणजे पायी आणि सायकलवरून जाणाऱ्यांना धड वाट मिळावी यासाठी. जकातीच्या काळात आशियातली श्रीमंत महापालिका म्हणून मिरवलेल्या या शहरात नोव्हेंबर 2019 पासून पाणी मात्र एक दिवसाआड येतं. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप गटावर सकाळी सकाळी ‘शुभ सकाळ’च्या आधी प्रश्न पडतो, ‘आज आपला वार आहे का?’ मग ज्याच्या घरी ड्रम जास्त, त्याचा शब्द जास्त.

तहानेमुळे वाहणारी नदी
पवना धरणाचं पाणी शहरात नळाने येत नाही, नदीने येतं. धरणातून ते पात्रात सोडतात आणि रावेतच्या बंधाऱ्यावर उपसतात. ते बंद जलवाहिनीने थेट निगडीला आणायची योजना महापालिकेने आखली. मावळातल्या शेतकऱ्यांनी तिला कडाडून विरोध केला आणि 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊरजवळ द्रुतगती महामार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन आंदोलक मृत्युमुखी पडले. तिथे काम थांबलं. या वादात एक मुद्दा नेहमी मागे राहतो. उन्हाळ्यात रावेतच्या वरची पवना वाहती दिसते, ती शहर तिच्यातून पाणी मागवतं म्हणून. पाणी नळात गेलं की पात्रात काय उरणार, हे कुणीतरी मोजून सांगायला हवं.

आता शहर दुसऱ्या बाजूनेही पाणी ओढतं. आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीतून निघोजेच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि चिखलीत शुद्ध होतं. आंद्रेतून रोज 100 दशलक्ष लिटर आणि भामा आसखेडमधून 167, असा मंजूर कोटा आहे.

आळंदीचा ‘बर्फ’
वारीच्या तोंडावर आळंदीहून हमखास एक छायाचित्र येतं. इंद्रायणीच्या पात्रभर पांढराशुभ्र फेस, आणि त्यात उभा राहून ओंजळीने पाणी कपाळाला लावणारा वारकरी. अनोळखी माणसाला वाटावं, हिमालयातला फोटो आहे.

फेसाचं गणित सोपं आहे. साबण, डिटर्जंट आणि कारखान्यातले धुण्याचे द्रव पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. संथ पात्रात हे पाणी गुपचूप चालतं. बंधाऱ्यावरून खाली कोसळलं की ताकासारखं घुसळलं जातं, हवा आत शिरते आणि बुडबुडे फुटेनासे होतात. म्हणजे फेस दिसतो बंधाऱ्याखाली, पण गुन्हा वर कुठेतरी झालेला असतो. कुठे, हे विचारलं की बोटं फिरू लागतात. वर लोणावळा आहे, तळेगाव आहे, देहू आहे, एका काठाला पिंपरी-चिंचवड आणि दुसऱ्या काठाला चाकणची औद्योगिक वसाहत. बरं, घरातली भांडी-कपडे आपणही घासतोच, त्यामुळे सगळं बिल कारखान्यांच्या नावावर फाडण्यात अर्थ नाही. जुलै 2025 मध्ये जाहीर झालेल्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांहून जास्त वस्तीच्या शहरांत हे शहर राज्यात पहिलं आणि देशात सातवं आलं. नदीला गुण देणारं सर्वेक्षण निघालं तर निकाल जाहीर करायला कुणी धजेल का, शंकाच आहे.

दिंडी रस्त्याने, सांडपाणी नदीने
तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्काम करते, माउलींची आळंदीहून निघते. दोन्ही पंढरपूरला पोचतात. पाण्याचाही मुक्काम तोच. इंद्रायणी तुळापूरला भीमेत मिळते. पवना दापोडीजवळ मुळेत, मुळा पुढे मुठेत, आणि मुळा-मुठा पुन्हा भीमेत. म्हणजे शहराच्या दोन्ही अंगांनी निघालेलं सगळं शेवटी उजनी धरणात एकत्र येतं. त्याच उजनीच्या काठावर भिगवणला आपण हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला जातो आणि दुर्बिणीतून ‘काय निसर्ग आहे!’ म्हणतो. उजनीतून सोडलेली भीमा पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. चिंचवडच्या मोरीतून निघालेलं पाणी विठ्ठलाच्या दारी कुठलाही पास न काढता पोचतं.

एकाच नदीवर माशांचं पाळणाघर
इंद्रायणी लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते. तिच्याच वरच्या अंगाला वळवणला टाटांचं महसीर माशांचं प्रजनन केंद्र आहे, 1970 च्या दशकापासूनचं. महसीर म्हणजे देहूच्या डोहात भाविक ज्याला खाऊ घालतात तो मासा. वाहतं, प्राणवायू भरपूर असलेलं पाणी त्याला लागतं. वळवण ते आळंदी ही नदी लांबीने फार मोठी नाही, पण तेवढ्यात ती महसीरच्या पाळण्यापासून फेसापर्यंत सगळं दाखवते.

ब्राझीलची पाहुणी
पवनेवर उन्हाळ्यात जो हिरवागार गालिचा दिसतो, ती जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेची, फूल जांभळं आणि देखणं. सांडपाण्यातलं नायट्रेट-फॉस्फेट हा तिचा खुराक, आणि तो तिला इथे फुकटात मिळतो. अनुकूल हवेत दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते. महापालिका दरवर्षी ठेका काढून ती उपसते, आणि ती दरवर्षी येते. वाईट वाटायचं ते ठेकेदाराला तरी वाटणार नाही.

टाळ-मृदंग विरुद्ध रसायन
चाकणजवळ शिंदे-वासुली परिसरात डाऊ केमिकल्स 2008 मध्ये संशोधन केंद्र उभारत होती. शेजारी भामचंद्र डोंगर, तुकोबांच्या ध्यानाची जागा. भोपाळच्या युनियन कार्बाईडची मालकी डाऊकडे गेल्याचं गावकऱ्यांना ठाऊक होतं. पाणी नासेल, शेवटी इंद्रायणीत उतरेल, ही धास्ती घेऊन गावकरी आणि वारकरी रस्त्यावर आले. बांधकामाची जाळपोळही झाली, तिचं समर्थन होऊ शकत नाही. 2010 मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. पर्यावरणाच्या लढाईत कीर्तनकार पुढे असण्याचं असं उदाहरण देशात शोधावं लागेल.

आधी तळं, मग ट्रक
1960 च्या दशकात टेल्कोने, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सने, पिंपरीच्या उजाड माळरानावर कारखान्याची जागा घेतली. कंपनीचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी तिथे तळं केलं, झाडं लावली, आणि पुढे त्या तळ्यावर स्थलांतरित पक्षीही उतरू लागले. तेव्हा ना पर्यावरण मंत्रालय होतं, ना कुठला हरित दाखला. ‘सुमो’ गाडीच्या नावातला ‘सु’ आणि ‘मो’ याच माणसाचे. त्यांच्या नावाची गाडी बंद झाली, तळं आहे.

चेतक: धूर ते चार्जर
1972 पासून आकुर्डीत बनणारी चेतक चालू करायची एक पद्धत होती. स्कूटर एका अंगावर तिरकी करायची, क्षणभर थांबायचं, सरळ करायची आणि किक. मग निळसर धुराचा लोट. धूर यायचाच, कारण टू-स्ट्रोक इंजिनात टू-टी ऑइल पेट्रोलबरोबरच जळायचं. 2007 मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबलं. 2020 मध्ये चेतक परत आली ती विजेवर, आधी चाकणमध्ये, आणि जून 2022 पासून पुन्हा आकुर्डीत. तिला धूर नाही, तिरकी करायचीही गरज नाही. अर्थात धूर संपला असं नाही, महाराष्ट्राची वीज अजून मोठ्या प्रमाणात कोळशाची आहे. तो आता चंद्रपूरच्या चिमणीतून निघतो.

वेढा जुना, वेढा नवा
1660 मध्ये शाहिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळ्यांनी मूठभर माणसांनिशी तो सुमारे दोन महिने झुंजवला. आजचा वेढा रोज संध्याकाळी तळेगाव चौकात पडतो. गंमत अशी, की वेढ्यातली निम्मी वाहनं इथेच तयार झालेली असावीत. उपाय म्हणून केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये नाशिक फाटा ते खेड हा 30 किलोमीटरचा, आठ पदरी उन्नत मार्ग मंजूर केला. खर्च 7,827 कोटी. चौकात इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या कंटेनरचा धूर तोवर खालचा रसवंतीवालाच गिळणार.

मोशीचा डोंगर
मोशीच्या डेपोत 1 ऑगस्ट 2023 पासून कचऱ्याची वीज होते, रोज 700 टन कचरा आणि 14 मेगावॉट ही प्रकल्पाची क्षमता. पण ओला कचरा जळत नाही, आधी स्वतःचं पाणी आटवण्यातच उष्णता खातो. त्यामुळे कलिंगडाची साल सुक्या डब्यात टाकणारा माणूस या वीजकेंद्राचा पहिला शत्रू. घंटागाडीवरच्या ताई हेच रोज सांगतात, फक्त मेगावॉट हा शब्द न वापरता.

निळी रेषा
पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचं पाणी जिथवर पोचेल, तिथे नकाशावर निळी रेषा असते, आणि तिच्या आत बांधकामाला मनाई. शंभर वर्षांच्या पुराची लाल. चिखलीत इंद्रायणीकाठी या निळ्या रेषेच्या आत टुमदार बंगले उभे राहिले. हरित लवादाने ते पाडायला सांगितलं, सर्वोच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही, आणि 17 मे 2025 रोजी 36 बंगले जमीनदोस्त झाले. त्यानंतर नवव्या दिवशी, 26 मे रोजी, मान्सून पुण्यात दाखल झाला, नेहमीपेक्षा बराच आधी. तुम्ही या पट्ट्यात नदीकाठी घर बघत असाल तर महापालिकेतून पूररेषेचा नकाशा मागून घ्या. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात निळा रंग फक्त पोहण्याच्या तलावाला असतो.