हवेशी ४७ वर्षांची झुंज

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणाऱ्यांना पिस्टन, कनेक्टिंग रॉड हे शब्द रोजचेच. पण हेच भाग घरच्या शेडमध्ये घडवून मोटारसायकल ताशी २९६ किलोमीटर वेगाने पळवता येईल? न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांनी ते करून दाखवले, तेही वयाच्या ६८व्या वर्षी.

१८९९मध्ये जन्मलेल्या मन्रो यांनी १९२०मध्ये ‘इंडियन स्काउट’ घेतली. नावात ‘इंडियन’ असले तरी कंपनी अमेरिकेची. ६०० सीसीच्या या गाडीचा कमाल वेग होता ताशी सुमारे ८८ किलोमीटर. पुढे ते तिच्यात सतत बदल करत राहिले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यांनी पिस्टन ओतले, ट्रॅक्टरच्या अॅक्सलमधून कनेक्टिंग रॉड कोरले. मोडलेले भाग फेकले नाहीत. ‘वेगदेवतेला अर्पण’ म्हणून फळीवर मांडून ठेवले.

इतकी वर्षे का लागली? कारण वेगाचा मोठा शत्रू हवा. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि त्यावर मात करायला आठपट शक्ती लागते. मन्रो यांनी वेग तिपटीहून जास्त वाढवला. गाडीचा आकार तोच राहिला असता, तर ३५ पटींहून अधिक शक्ती लागली असती. इंजिन सुमारे ९५० सीसीपर्यंत वाढवूनही ते जमणारे नव्हते. म्हणून त्यांनी गाडीला हवा कापणारे निमुळते कवच चढवले. अमेरिकेतील बॉनव्हिलचे मिठाचे मैदान सपाट, शिवाय सुमारे १,२८० मीटर उंचीवर. तिथे हवा विरळ, विरोध कमी.

तिथेच १९६७मध्ये १,००० सीसीखालील गटाचा विक्रम झाला. वाऱ्याचा फायदा मिळू नये म्हणून दोन्ही दिशांच्या धावांची सरासरी घेतात. त्या सरासरीतली चूक मन्रो यांच्या मुलाच्या लक्षात आली आणि २०१४मध्ये आकडा २९५.५ वरून २९६.३ असा दुरुस्त झाला. मन्रो मात्र १९७८मध्येच गेले होते.

या वेगात गाडी सेकंदाला ८२ मीटर जाते. मैदानात पुढे कोणी नसते; पाळी सुटताना अंबडच्या रस्त्यावर माणसे असतात. तिथे गणित एवढेच: ताशी ४० ऐवजी ८०ने गेलात, तर ब्रेक लागल्यावर थांबायला चौपट अंतर लागते. हेल्मेट डोके वाचवते, ते अंतर कमी करत नाही.