ई-मेल पत्त्याची ग्राह्यता तपासणी

आंतरजालावरील अर्जात लिहिलेला ई-मेल पत्ता नियमांनुसार रचलेला आहे काय, त्या पत्त्याचे टपाल स्वीकारणारी यंत्रणा अस्तित्वात आहे काय आणि तो पत्ता लिहिणाऱ्याच्याच ताब्यात आहे काय, हे ठरविण्याच्या क्रियेस ई-मेल पत्त्याची ग्राह्यता तपासणी म्हणतात. हे तीन प्रश्न परस्परांहून भिन्न आहेत. पहिल्याचे उत्तर केवळ अक्षरे पाहून देता येते, दुसऱ्यासाठी जालावर चौकशी करावी लागते, तर तिसऱ्याचे उत्तर पत्र पाठवून ते मिळाल्याची पोच आल्याशिवाय मिळत नाही. संगणकीय आज्ञावलींतील या विषयाशी संबंधित बहुतेक दोष या तीन प्रश्नांची गल्लत केल्यामुळे निर्माण होतात.

अर्ज, देयके, परवलीचा शब्द बदलण्याची सोय व शासकीय सूचना ई-मेल पत्त्याशी जोडल्या गेल्याने या तपासणीस व्यावहारिक महत्त्व आले आहे. ती ढिली असल्यास एकाची कागदपत्रे दुसऱ्याच्या हाती पडतात; फाजील कडक असल्यास खरा पत्ता असणारा मनुष्य दारातूनच परत पाठविला जातो.

इतर संकेतांकांशी तुलना : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी हे यंत्रमागांचे व अलीकडे मोठ्या गोदामांचे शहर असून तेथील व्यापाऱ्यास रोज तीन-चार प्रकारचे संकेतांक लिहावे लागतात. त्यांची तुलना येथे उद्‌बोधक ठरते. टपाल खात्याचा पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आला. संस्कृत पंडित व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे त्याचे जनक होत. भिवंडीच्या ४२१३०२ या पिनकोडातील ४ हा पहिला अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश व छत्तीसगड यांचा विभाग दाखवितो. पहिले तीन अंक मिळून वर्गवारीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय दर्शवितात. पिनकोडात अंतर्गत पडताळणीचा अंक नाही. त्यामुळे एक अंक चुकल्यास संख्या सहा अंकी व वरवर निर्दोषच राहते. तथापि सर्व पिनकोडांची यादी उपलब्ध असल्याने तिच्याशी ताडून पाहता येते.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याच्या नोंदणी क्रमांकात १५ चिन्हे असतात. त्यांपैकी पहिली दोन राज्य दर्शवितात (महाराष्ट्रासाठी २७), पुढील दहा म्हणजे आयकर खात्याचा स्थायी खाते क्रमांक व शेवटचे चिन्ह आधीच्या चौदा चिन्हांवरून गणिताने काढलेले असते. आधार क्रमांकाच्या बारा अंकांपैकी शेवटचा अंकही असाच असून तो डच गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांच्या रीतीने काढतात. एक अंक चुकल्यास अथवा शेजारचे दोन भिन्न अंक उलटसुलट झाल्यास ती चूक या रीतीने निश्चितपणे उघडकीस येते.

ई-मेल पत्त्यास यांपैकी कोणताच आधार नाही. त्यात पडताळणीचे चिन्ह नाही आणि जगातील सर्व पत्त्यांची यादी कोणाहीपाशी नाही. भिवंडी हे नाव रोमन लिपीत ‘डब्ल्यू’ किंवा ‘व्ही’ यांपैकी कोणतेही अक्षर वापरून लिहिता येते. ज्याच्या पत्त्यात गावाचे नाव आहे, त्याने एकाऐवजी दुसरे अक्षर लिहिल्यास तयार होणारा पत्ताही रचनेच्या दृष्टीने तितकाच शुद्ध असतो. कदाचित तो दुसऱ्या कोणाचा असतो. अशी चूक रचनेच्या कोणत्याही नियमाने पकडता येत नाही.

इतिहास : अमेरिकेतील आर्पानेट या संगणकजालावर १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर संदेश पाठविण्याची आज्ञावली सिद्ध केली आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्या मध्ये @ हे चिन्ह योजले. व्यक्तिनामांत ते आढळत नसल्याने दोन भाग निःसंदिग्धपणे वेगळे करता येत होते. संदेशाचे स्वरूप व टपालवहनाची रीत यांविषयीचे नियम १९८२ मध्ये निश्चित झाले. त्यांची सुधारित आवृत्ती २००१ मध्ये व त्यानंतरची २००८ मध्ये निघाली. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डोमेन नामांची पद्धती मांडल्यावर @ नंतरच्या भागास आजचे स्वरूप आले. भारतासाठीचे ‘डॉट इन’ हे नाव १९८९ मध्ये नोंदले गेले व प्रारंभी त्याची व्यवस्था मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रविद्या केंद्राकडे होती. २००५ पासून ती भारतीय राष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज ही संस्था पाहते. सर्वसामान्य नागरिकांना इंटरनेटची सेवा भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागली.

रचनेचे नियम : पत्त्याचे दोन भाग असतात. @ च्या आधीचा तो स्थानिक भाग व नंतरचा तो डोमेन नामाचा भाग होय. स्थानिक भाग जास्तीत जास्त ६४ बाइटांचा असतो. डोमेन नामातील बिंदूंनी विभागलेला प्रत्येक खंड ६३ बाइटांपर्यंत असू शकतो आणि संपूर्ण पत्ता २५४ बाइटांहून मोठा चालत नाही. साध्या रूपातील स्थानिक भागात अक्षरे व अंक यांखेरीज बिंदू, अधोरेषा, जोडरेषा, अधिक चिन्ह, एकेरी अवतरणचिन्ह इ. अनेक चिन्हे चालतात; मात्र बिंदू आरंभी किंवा शेवटी येत नाही व दोन बिंदू लागोपाठ येत नाहीत. डोमेनच्या खंडाच्या आरंभी व शेवटी जोडरेषा चालत नाही. डोमेन नामात रोमन लिपीतील लहान व मोठी अक्षरे समान मानतात. स्थानिक भागाचा अर्थ लावण्याचा अधिकार मात्र टपाल स्वीकारणाऱ्या यंत्रणेचाच असल्याने तेथील अक्षरे परस्पर बदलणे नियमास धरून नाही.

सूत्राने तपासणी : आज्ञावलीत ही रचना तपासण्यासाठी सामान्यतः रेग्युलर एक्स्प्रेशन वापरतात. कोणती चिन्हे, कोणत्या क्रमाने व किती वेळा यावीत हे थोडक्यात सांगणारे ते सूत्र होय. त्याची गणितीय बैठक स्टीफन क्लीनी यांनी १९५० नंतरच्या दशकात घातली व केन टॉमसन यांनी १९६८ मध्ये मजकूर शोधण्यासाठी त्याचा संगणकीय वापर करून दाखविला. ई-मेलच्या मूळ नियमांत पत्त्याच्या आत कंसांतील टीप व त्या टिपेत पुन्हा कंस असे एकात एक कितीही कंस चालतात. अशा रचना शुद्ध गणितीय अर्थाच्या सूत्राने ओळखता येत नाहीत, कारण त्यास कंसांची खोली मोजता येत नाही. अर्थात व्यवहारात असे पत्ते कोणी लिहीत नसल्याने ही उणीव जाचत नाही.

जाचतात ते ठरावीक गैरसमज. डोमेनचा शेवटचा खंड दोन ते चार अक्षरांचाच असतो, असे जुनी सूत्रे धरून चालत. ‘म्यूझियम’ हा सहा रोमन अक्षरांचा खंड २००१ मध्ये वापरात आला व २०१३ पासून त्याहून लांब असे शेकडो खंड आले, तेव्हा ही सूत्रे चुकीची ठरली. अधिक चिन्ह किंवा एकेरी अवतरणचिन्ह नाकारणे हाही असाच दोष आहे. दुसरा धोका वेळेचा आहे. सूत्रात आवर्तनाच्या आत आवर्तन असल्यास काही संगणकभाषांतील यंत्रणा न जुळणाऱ्या मजकुरावर सर्व शक्य विभागण्या करून पाहतात आणि मजकुराच्या लांबीबरोबर हा वेळ झपाट्याने वाढतो. मुद्दाम रचलेला एकच लांब पत्ता पाठवून सर्व्हर ठप्प करता येतो. म्हणून सूत्र लावण्यापूर्वी लांबी तपासणे इष्ट असते.

देवनागरी पत्ते : इंटरनेटवरील नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेने २००७ मध्ये रोमनेतर लिप्यांतील अकरा प्रायोगिक नावे जालावर ठेवली, त्यांत देवनागरीतील ‘परीक्षा’ हा खंड होता. ‘.भारत’ हे देवनागरी नाव २०१४ मध्ये नोंदणीसाठी खुले झाले व त्यात मराठीचा समावेश आहे. स्थानिक भागही रोमनेतर लिपीत लिहिता यावा यासाठीचे नियम २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे ‘भिवंडी@उदाहरण.भारत’ या प्रकारचा पत्ता आज नियमांनुसार ग्राह्य ठरतो. तरीही असंख्य अर्ज तो नाकारतात.

याचे पहिले कारण म्हणजे सूत्रात केवळ रोमन ‘ए’ ते ‘झेड’ एवढीच अक्षरे मान्य केलेली असतात. दुसरे कारण सूक्ष्म आहे. काही आज्ञावलीकार कोणत्याही लिपीतील अक्षर चालेल, अशी सुधारणा करतात. पण युनिकोड या चिन्हसंचात ‘भिवंडी’ हा शब्द सहा चिन्हांचा असून त्यांपैकी भ, व, ड ही तीनच अक्षरे म्हणून वर्गीकृत आहेत. ऱ्हस्व वेलांटी, अनुस्वार व दीर्घ वेलांटी ही ‘जोडचिन्हे’ या वेगळ्या वर्गात मोडतात. केवळ अक्षरांना मुभा देणारे सूत्र पहिल्या वेलांटीशीच अडते. जोडचिन्हांचा वर्गही मान्य केल्यासच मराठी शब्द पार पडतो. लांबीही बाइटांतच मोजावी लागते : यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, म्हणून ‘भिवंडी’ १८ बाइटांचा होतो आणि ६४ बाइटांच्या स्थानिक भागात देवनागरीची २१ चिन्हेच मावतात.

डोमेन नामे जालाच्या अंतर्गत व्यवहारात रोमन रूपात फिरतात. देवनागरी खंडाचे हे रूप ‘एक्स’ व ‘एन’ ही अक्षरे आणि दोन जोडरेषा यांनी सुरू होते व त्यात अंकही येऊ शकतात; शेवटच्या खंडात अंक वा जोडरेषा नसतात, असे मानणारी सूत्रे ‘.भारत’ चे रोमन रूपही नाकारतात. याखेरीज एकाच दृश्य रूपाचे अनेक संकेत असण्याची अडचण आहे. ‘तऱ्हा’ या शब्दातील ऱ्ह हे जोडाक्षर ऱ या स्वतंत्र चिन्हापासून बनविता येते, तसेच र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही बनविता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकास मात्र ते भिन्न असतात. युनिकोडच्या प्रमाणीकरणाने यांतील सर्वच भेद नाहीसे होत नाहीत. यास्तव टपाल खाते देणाऱ्या यंत्रणेने परस्परसदृश नावे दोघांना न देण्याचा नियम पाळणे आवश्यक ठरते.

डोमेनची चौकशी : रचना निर्दोष ठरल्यावर त्या डोमेनसाठी टपाल स्वीकारणारा सर्व्हर नोंदलेला आहे काय, हे नामपद्धतीस विचारता येते. अशी नोंद नसली, तरी डोमेनच्या स्वतःच्या संगणकीय पत्त्यावर टपाल पोहोचविण्याची मुभा नियमांत आहे. तर टपाल मुळीच स्वीकारत नाही, असे जाहीर करणारी रिक्त नोंदही २०१५ पासून करता येते. ही चौकशी क्षणिक बिघाडाने फसू शकते, म्हणून उत्तर न मिळणे व ‘असे डोमेन नाही’ असे उत्तर मिळणे यांत भेद करावा लागतो. विशिष्ट व्यक्तीचे खाते आहे काय, हे सर्व्हरला विचारण्याची आज्ञा मूळ नियमांत आहे. परंतु जाहिरातबाजांनी पत्ते गोळा करू नयेत म्हणून बहुतेक सर्व्हर तिचे खरे उत्तर देत नाहीत. काही सर्व्हर तर कोणत्याही नावाचे टपाल प्रथम स्वीकारतात.

ताब्याची खात्री : पत्ता अर्जदाराचाच आहे, याचा व्यवहार्य पुरावा एकच : त्या पत्त्यावर पाठविलेली गुप्त खूण त्याने परत सादर करणे. वस्तू व सेवा कराच्या नोंदणीत मोबाइल क्रमांक व ई-मेल पत्ता यांवर वेगवेगळे परवलीचे अंक पाठवून दोहोंची खात्री करतात. भिवंडीच्या व्यापाऱ्याने पत्त्यात एक अक्षर चुकविले, तर ती चूक येथे उघड होते. अंक त्यास मिळतच नाहीत. ही खूण अंदाजाने न ओळखता येणारी, अल्पमुदतीची व एकदाच चालणारी असावी लागते. खूण दुव्याच्या रूपात पाठविल्यास नुसता दुवा उघडणे ही संमती मानू नये, कारण काही टपालरक्षक आज्ञावली पत्रातील दुवे स्वतःच उघडून पाहतात. उघडलेल्या पानावर वाचकाने कळ दाबणे आवश्यक ठेवावे.

सुरक्षितता : रचनेत बसणारा पत्ता निरुपद्रवी असतोच, असे नाही. एकेरी अवतरणचिन्ह पत्त्यात ग्राह्य आहे आणि तेच चिन्ह माहितीसाठ्याच्या आज्ञेत जसेच्या तसे घातल्यास आज्ञेचा अर्थ बदलू शकते. म्हणून ते नाकारण्याऐवजी आज्ञा व माहिती वेगळ्या ठेवण्याची रीत अवलंबावी. नव्या ओळीचे चिन्ह मात्र पत्त्यात कधीच येऊ देऊ नये, अन्यथा पत्राच्या मथळ्यात परक्याची ओळ घुसविता येते. वाचकाच्या ब्राउझरमध्ये केलेली तपासणी ही केवळ त्याची सोय होय; ती टाळणे सोपे असल्याने सर्व्हरवर तीच तपासणी पुन्हा करावी लागते.

व्यवहारातील क्रम : आगेमागे राहिलेली रिकामी जागा काढणे, लांबी पाहणे, @ च्या दोन्ही बाजूंना मजकूर असल्याची व डोमेनचे खंड नियमात असल्याची खात्री करणे, डोमेनची चौकशी करणे आणि शेवटी पत्र पाठवून पोच घेणे, हा क्रम सामान्यतः पुरेसा ठरतो. नेहमीच्या डोमेन नामांत एखादे अक्षर चुकल्याचा संशय आल्यास पत्ता आपोआप न बदलता ‘तुम्हांस अमुक म्हणावयाचे आहे काय’ अशी पृच्छा करणे योग्य होय. पत्ता नाकारताना कारण वाचकाच्या भाषेत सांगावे, कारण ‘पत्ता अवैध’ एवढ्या शब्दांवरून स्वतःचा खरा पत्ता लिहिणाऱ्यास आपली चूक कोणती, हे कळत नाही. पुष्कळदा त्याची चूक नसतेच.