जाड टायरची स्वस्त सायकल आणि घरची दुरुस्ती

सुमारे चार इंच रुंदीचे टायर असलेली आणि बाजारात ‘फॅट बाईक’ म्हणून विकली जाणारी सायकल मुळात बर्फासाठी आणि वाळूसाठी घडली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अलास्कातील हिवाळी शर्यतींत साध्या सायकलींची चाके भुसभुशीत बर्फात रुतत, म्हणून तेथील कारागिरांनी अधिक रुंद रिमा तयार करून पाहिल्या. पुढे २००५ मध्ये ‘सर्ली’ या अमेरिकी कंपनीची ‘पग्स्ली’ ही सायकल विक्रीस आली आणि हा प्रकार सामान्य ग्राहकापर्यंत पोचला. आज महाराष्ट्रातील शहरांत आणि तालुक्याच्या गावांत दिसणाऱ्या स्वस्त फॅट बाईकमध्ये त्या सायकलीचा आकार पुरेपूर उतरलेला असतो, परंतु किंमत खाली आणण्यासाठी केलेली काटकसर नजरेस न पडणाऱ्या जागी, म्हणजे छर्रे, ग्रीस, ब्रेकच्या केबली आणि आऱ्यांचा ताण यांत झालेली असते. त्यामुळे अशा सायकलीची सुधारणा नवे भाग विकत घेऊन सुरू करण्यापेक्षा कारखान्यात अर्धवट राहिलेले काम पुरे करून सुरू करणे अधिक शहाणपणाचे ठरते.

त्यातही पहिले काम फुकटचे आहे, ते हवेचे. टायर जमिनीवर जेवढा टेकतो ते क्षेत्रफळ ढोबळ मानाने भार भागिले हवेचा दाब एवढे असते. स्वार आणि सायकल मिळून ९० किलो वजन धरले, तर १५ पीएसआय दाबाला दोन्ही टायर मिळून सुमारे ८५ चौरस सेंटीमीटर जागा व्यापतात, आणि दाब निम्म्यावर आणला की ती जागा दुप्पट होते, म्हणूनच ही सायकल वाळूत तरते. मात्र तोच कमी दाब डांबरी रस्त्यावर घातक ठरतो, कारण टायर दबून पुढचे चाक आपोआप एका बाजूला ओढू लागते आणि पायडल मारणे जड होते. रस्त्यासाठी १५ ते २० आणि मऊ वाळूसाठी ५ ते ८ पीएसआय हा सर्वसाधारण पल्ला मानला जातो; टायरच्या बाजूवर छापलेली कमाल मर्यादा मात्र कधीही ओलांडू नये. मोटारीच्या टायरसाठी बनवलेल्या मापकावर तीन-चार पीएसआयची चूक कोणाच्या लक्षातही येत नाही, पण येथे तेवढ्या फरकाने सायकलीचा सगळा स्वभाव पालटतो; म्हणून कमी दाब नीट दाखवणारा छोटा मापक ही या सायकलीसाठीची सर्वांत किफायतशीर खरेदी होय.

यानंतर हबकडे, म्हणजे चाकाच्या मधल्या, एक्सल सामावणाऱ्या भागाकडे वळावे. स्वस्त हबमध्ये सुटे छर्रे असतात आणि त्यांना दाबून धरणारी ‘कोन’ नावाची शंक्वाकृती नट एक्सलवर फिरवून त्यांचा आवळपणा ठरवला जातो. नव्या सायकलीतही हे कोन अनेकदा गरजेपेक्षा घट्ट असतात आणि ग्रीस नावापुरते असते, त्यामुळे छर्ऱ्यांच्या वाटा काही महिन्यांत खरवडल्या जातात व मग हबच बदलावा लागतो. चाक काढून, छर्रे डिझेलमध्ये धुऊन, झिजलेले असल्यास त्याच मापाचे नवे घालून, भरपूर ग्रीस लावून, एक्सल बोटांनी मोकळा फिरेल परंतु डगमगणार नाही इतपत कोन आवळावा आणि तो पातळ पान्याने धरून वरची लॉकनट घट्ट करावी. लॉकनट आवळताना कोन थोडा सरकतोच, म्हणून पहिल्या प्रयत्नात जमले नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. हेच तत्त्व हँडलखालच्या बेअरिंगलाही लागू पडते. पायडले बसवताना डाव्या पायडलाचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवावे. ते जबरदस्तीने आवळल्यास क्रँकचे आटे कायमचे जातात. घरपोच आलेल्या, अर्धवट जोडलेल्या सायकलींत पुढचा चिमटा चक्क उलटा बसवलेलाही आढळतो, आणि अशी सायकल चालवणे सरळसरळ धोक्याचे असते.

ब्रेक बहुधा केबलवर चालणारे डिस्क ब्रेक असतात. त्यांतील पुष्कळशा ब्रेकमध्ये एकच पॅड हलते, दुसरे स्थिर राहते. स्थिर पॅड स्क्रूने डिस्कच्या अगदी जवळ, पण न घासेल असे आणून ठेवल्यावर निम्म्या तक्रारी मिटतात. उरलेल्यांचे मूळ निकृष्ट केबलमध्ये असते, कारण बाहेरचे आवरण दबत राहिले की हाताचा जोर पॅडपर्यंत पोचतच नाही. चांगली केबल आणि नवी पॅडे घालून, मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन ब्रेक क्रमाक्रमाने लावत ती डिस्कवर बसू द्यावीत, आणि साखळीचे तेल डिस्कवर उडणार नाही याची काळजी घ्यावी.

गिअरच्या बाबतीत एक गणित सहसा सांगितले जात नाही. या सायकलीची रिम २६ इंची मापाची असली तरी जाड टायरमुळे चाकाचा बाहेरचा व्यास २९ इंचांच्या जवळ जातो, म्हणजे पायडलाच्या एका फेरीत सायकल अपेक्षेपेक्षा अधिक अंतर कापते आणि चढावर तेवढीच जड लागते. पुढे ३६ आणि मागे २८ दात असतील, तर हलक्यात हलक्या गिअरमध्येही एका फेरीला जवळजवळ तीन मीटर अंतर पडते. पुढे ३० आणि मागे ३४ दातांची चक्रे घातल्यास ते दोन मीटरच्या आसपास येते. घाटरस्त्याच्या गावात हा बदल कोणत्याही चमकदार हँडलपेक्षा मोलाचा आहे. मात्र मागचे मोठे चक्र गिअर बदलणाऱ्या यंत्रणेला पेलते का आणि साखळीची लांबी पुरते का, हे आधी पाहावे. मागचे फ्रीव्हील काढण्यासाठी त्याच्या खाचांत बसणारे खास हत्यार लागते, आणि पायडल मारताना ते सतत आवळले गेलेले असल्याने लांब दांड्याचा पानाही लागतो.

वजन कमी करण्याचा मोह मात्र आवरावा. रिमेवरचे वजन सायकलीबरोबर पुढेही जाते आणि गोलही फिरते, म्हणून वेग घेताना ते जवळपास दुप्पट जाणवते हे खरे. परंतु हलके टायर इतके महाग असतात की त्यांची जोडी घेण्याऐवजी दुसऱ्या सायकलीचा विचार करणे बरे. शिवाय सुट्या भागांची मापे जुळतीलच असे नाही. साखळीला जाड टायरपासून दूर ठेवण्यासाठी क्रँकचा आडवा सांधा नेहमीच्या ६८ किंवा ७३ मिलिमीटरऐवजी बहुधा १०० मिलिमीटर रुंद असतो आणि मागच्या चाकाची जागाही तशीच रुंद असते. त्यामुळे व्हर्नियर कॅलिपरने मोजल्याशिवाय एकही भाग मागवू नये. रुंद हबमध्ये फ्रीव्हीलच्या बाजूचा छर्ऱ्यांचा आधार एक्सलच्या टोकापासून बराच आत राहतो, म्हणून खड्ड्यांतून उडवल्यास एक्सल वाकतो, आणि तो नुसता सरळ करून घेण्यात अर्थ नसतो.

कोकणच्या किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या सायकलीसाठी आणखी एक नियम आहे. फेरी संपताच ती गोड्या पाण्याने, परंतु हबवर जोराचा फवारा न मारता धुवावी, साखळी पुसून तेल द्यावे, आणि पावसाळा सरल्यावर दोन्ही हब पुन्हा उघडावेत. त्याच वेळी पुढच्या नळीच्या जोडांवर रंगाखाली केसासारखी भेग दिसते का ते पाहावे. तशी भेग दिसली तर स्वस्त चौकटीवर वेल्डिंग करून घेण्यापेक्षा तिचे चांगले भाग काढून घ्यावेत आणि चौकट भंगारात द्यावी.