ग्राहकसंख्या नव्हे, ग्राहकगळती: वायरलेस इंटरनेट कंपनीची किंमत

मार्च २०१७ मध्ये भारती एअरटेलने टिकोना डिजिटल नेटवर्क्सचा फोर-जी व्यवसाय सुमारे १,६०० कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. मुंबईच्या या कंपनीकडे गुजरात, राजस्थान, हिमाचल प्रदेश आणि उत्तर प्रदेशचे पूर्व व पश्चिम अशा पाच परिमंडळांत २३०० मेगाहर्ट्झ पट्ट्यातला प्रत्येकी २० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम होता, शिवाय ३५० साइट. सगळी रक्कम साइटवर वाटली तर एकेक साइट साडेचार कोटींहून महाग पडते. इतका खर्च कोणत्याही टॉवरला येत नाही. पैसे स्पेक्ट्रमचे होते.

हाच स्पेक्ट्रम टिकोनाने २०१० च्या लिलावात १,०५८ कोटींना २० वर्षांसाठी घेतला होता, म्हणजे वर्षाला ५३ कोटी. एअरटेलने उरलेल्या सुमारे १३ वर्षांसाठी वर्षाला १२० कोटींच्या आसपास मोजले. विकणाऱ्याच्या बाजूने मात्र १,०५८ वरून १,६०० कोटी ही ५१ टक्क्यांची वाढ पावणेसात वर्षांची आहे आणि तिचा वार्षिक चक्रवाढ दर जेमतेम ६ टक्क्यांवर जातो. ८ टक्के व्याजाने तेच पैसे १,७८० कोटी झाले असते.

गावोगावचे छोटे वायरलेस पुरवठादार मात्र ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. ऑक्टोबर २०१८ पासून त्यातले ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त आहेत. जे सर्वांना फुकट मिळते त्याची विक्री करता येत नाही. त्यामुळे खरेदीदार पैसे मोजतो ते ग्राहकांसाठी.

एक काल्पनिक कंपनी घेऊ. ३,००० ग्राहक, जीएसटी वगळून प्रत्येकी महिना ६०० रुपये. वार्षिक महसूल २ कोटी १६ लाख. बँडविड्थ, टॉवरभाडे, पगार आणि वीज वजा जाता २५ टक्के, म्हणजे ५४ लाख उरतात. विक्रेता याची चौपट मागतो: २ कोटी १६ लाख, ग्राहकामागे ७,२००.

आता ग्राहकाच्या गच्चीवरचा, सिग्नल घेणारा रेडिओ पाहा. तो ४,००० रुपयांचा आणि पाच वर्षे टिकणारा धरला तर बदलीसाठी वर्षाला २४ लाख बाजूला काढावे लागतात. हाती येतात ३० लाख. त्याच चौपटीने किंमत १ कोटी २० लाख होते, ग्राहकामागे ४,०००. हा खर्च विक्रेत्याच्या नफा-तोटा पत्रकात घसारा म्हणून दिसतो आणि ‘घसाऱ्यापूर्वीचा नफा’ म्हणताच नजरेआड होतो. वायरलेसच्या धंद्यात तो नजरेआड करणे मला चूक वाटते, कारण रेडिओ ऊन-पावसात असतो आणि बदलावाच लागतो.

खरा फरक ग्राहकगळतीने पडतो. महिन्याला २ टक्के ग्राहक जात असतील तर सरासरी ग्राहक ५० महिने टिकतो. ३ टक्के जात असतील तर ३३. रेडिओचा खर्च धरून महिन्याला ८३ रुपये सुटतात, म्हणजे पहिल्या स्थितीत ग्राहकाकडून एकूण ४,१५० आणि दुसऱ्या स्थितीत २,७४० रुपये मिळतील. ४,००० ची किंमत पहिल्या स्थितीत कशीबशी भरून निघते, दुसऱ्या स्थितीत निघत नाही. व्याजाचा हिशेब तर अजून केलेलाच नाही.

ग्राहकसंख्या ही गळती लपवते. गेल्या वर्षी ३,००० आणि यंदाही ३,००० असतील, तरी ३ टक्के गळतीत वर्षभरात १,०८० जोडण्या तुटलेल्या असतात आणि तितक्याच नव्या दिलेल्या असतात. म्हणून एकूण आकडा न मागता बिलिंगची महिनावार यादी मागावी आणि गेल्या वर्षीच्या जूनमधले किती ग्राहक यंदाच्या जूनमध्ये पैसे भरत आहेत ते मोजावे. सप्टेंबर २०२३ मध्ये जिओ एअरफायबर ही वायरलेस इंटरनेट सेवा मुंबई-पुण्यासह आठ शहरांत आली, ५९९ रुपये अधिक जीएसटी या दरापासून. तिथे ६०० रुपयांचा दर वाढवायला जागा उरलेली नाही, आणि जुन्या वर्षांची गळती पुढच्या वर्षांसाठी गृहीत धरता येत नाही.

राहिली जुनी देणी. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय परवाना हस्तांतरित होत नाही, म्हणून अनेकदा कंपनीचे समभागच विकत घेतले जातात आणि थकबाकीही सोबत येते. युनिफाइड परवान्यातील शुल्क समायोजित सकल महसुलाच्या ८ टक्के आहे. वरच्या कंपनीचा सगळा महसूल त्यात धरला तर वर्षाला १७ लाख २८ हजार. तीन वर्षांचे थकले असेल तर ५१ लाख ८४ हजार, व्याज आणि दंड वेगळा. विक्रेत्याने दाखवलेला एका वर्षाचा नफा ५४ लाख होता. शुल्काच्या पावत्या आणि विभागाच्या नोटिसा पाहून होईपर्यंत निदान या संभाव्य थकबाकीइतकी रक्कम रोखून ठेवण्याची अट करारात हवी.