दहा वर्षांत रूप पालटणारे क्वेसार

नाशिकचे दिवे मागे टाकून गंगापूर धरणाच्या पलीकडे, एप्रिलमधील निरभ्र रात्री दहा इंची दुर्बीण रोखली, तर कन्या राशीत एक फिकट ठिपका शोधता येतो. दिसायला ताराच, परंतु '३सी २७३' नावाचा हा ठिपका दोन अब्ज प्रकाशवर्षांहून दूर आहे. १९६३ साली मार्टेन श्मिट यांनी त्याच्या वर्णपटाचे कोडे उलगडले आणि क्वेसारांची ओळख जगाला पटली.

दीर्घिकेच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवराभोवती वायूची तप्त तबकडी फिरत असते. तिचे तेज म्हणजेच क्वेसार. तबकडीबाहेरील वायूचे ढग सेकंदाला हजारो किलोमीटर वेगाने फिरतात. त्यामुळे वर्णपटातील हायड्रोजनच्या रेषा रुंदावतात. या रुंद रेषा हीच क्वेसारची खूण.

ही खूणच पुसली जाऊ शकते, हे २०१५ साली स्टेफनी लामासा आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. २००० साली क्वेसार म्हणून नोंदलेल्या एका ज्योतीचा वर्णपट २०१० साली पुन्हा घेतला गेला, तेव्हा रुंद रेषा जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या. तेज एक षष्ठांशावर आले होते. उरली होती एक साधी दीर्घिका!

मध्ये धुळीचा पडदा आला असावा, ही शंका साहजिक होती. परंतु एवढा विस्तार झाकायला ढगाला दहा वर्षे पुरत नाहीत. शिवाय धूळ अवरक्त प्रकाशाला फारशी अडवत नाही; तरीही अशा अनेक क्वेसारांचा अवरक्त प्रकाशही मंदावलेला आढळला. म्हणजे कृष्णविवराला मिळणारे इंधनच आटले असले पाहिजे. आणि खरी अडचण येथेच आहे. रूढ सिद्धांतानुसार तबकडीतील वायू आत सरकण्यास हजारो वर्षे लागावीत. प्रत्यक्षात बदल घडतो तो शाळकरी मुलगा पदवीधर होईपर्यंतच्या अवधीत. तबकडीतील चुंबकीय क्षेत्रांचा त्यात हात असावा, असे काहींचे मत आहे. एकमत मात्र नाही.

उलट प्रवासही दिसला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुरुंदवाड येथे जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ श्रीनिवास कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्नियातील पालोमार येथे 'झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी' हा आकाशसर्वेक्षण प्रकल्प २०१८ साली सुरू झाला. त्याच्या पहिल्या नऊ महिन्यांच्या निरीक्षणांत शांत दीर्घिकांच्या केंद्रात क्वेसार पेटल्याची सहा उदाहरणे नोंदली गेली.

चिलीतील व्हेरा रुबिन वेधशाळेने जून २०२५ मध्ये पहिली छायाचित्रे प्रसिद्ध केली. दहा वर्षे दक्षिणेकडील आकाश वारंवार टिपण्याची तिची योजना आहे. मात्र छायाचित्रातून कळते ते केवळ तेजातील चढउतार. रुंद रेषा गेल्या की राहिल्या, हे पाहण्यासाठी वर्णपटच हवा, आणि त्यासाठी दुसऱ्या मोठ्या दुर्बिणीवर वेळ मिळवावा लागतो.